रुग्ण नोंदणी केंद्र कसे उघडावे

कमी भांडवलात, घरबसल्या करता येईल असा धंदा शोधताय? अमेरिकेत ‘रुग्ण नोंदणी केंद्र’ उघडा, म्हणजे भरपाईचा दावा लावू शकतील असे रुग्ण गोळा करा आणि वकिलांना विका. डॉक्टर नको, दवाखाना नको. एक संकेतस्थळ, एक टोल-फ्री नंबर, बस्स.

नाव भारदस्त ठेवा. ‘राष्ट्रीय’ असलं पाहिजे, ‘सुरक्षा’ असेल तर उत्तम. रंग सरकारी निळा, कोपऱ्यात गरुडासारखं काहीतरी. वर लाल पट्टी : ‘तुमचा सांधा परत मागवला आहे!’ टेक्ससमध्ये मात्र जरा जपून. टीव्हीवरच्या वकिली जाहिरातीत सरकारी खात्याचं बोधचिन्ह वापरून दिशाभूल करायची नाही, असा कायदा तिथल्या चहाडखोरांनी 2019 साली करून ठेवलाय.

माल कुठून आणायचा? ऑगस्ट 2010 मध्ये डीप्यू कंपनीने खुब्याचा ‘एएसआर’ नावाचा कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं. जगात असे सुमारे 93,000 सांधे बसवलेले. 2013 मध्ये कंपनीने अमेरिकेत सुमारे अडीच अब्ज डॉलर मोजायची तयारी दाखवली. म्हणजे प्रत्येक दुखरा खुबा हा एक चेक. वटवायला वकील लागतो, आणि वकिलाला गिऱ्हाईक पुरवायला तुम्ही.

अर्ज मायेने लिहा. आधी ‘वेदना कुठे होतात?’, मग ‘रात्री झोप लागते का?’, आणि तिसऱ्याच ओळीत फोन नंबर. ‘सध्या वकील आहे का?’ हा खरा प्रश्न. तो शेवटी, सहज विचारल्यासारखा. ‘आहे’ म्हणणाऱ्याच्या वेदनेत आपल्याला रस नाही. ‘ही जाहिरात आहे’ हे वाक्य तळाशी, करड्यावर करड्या अक्षरांत टाका. वाचणाऱ्याचं वय सत्तर, चष्मा टीव्हीवर ठेवलेला.

ऑस्ट्रेलियातल्या खऱ्या नोंदणीचं अनुकरण करू नका. ते लोक बसवलेला प्रत्येक सांधा मोजतात, कोणता लवकर काढावा लागला ते पाहतात. त्यांच्याच आकड्यांमुळे हा सांधा तिथे 2009 मध्येच बंद झाला. यात कमिशन कुठाय?

हिंमत असेल तर एक पायरी वर चढा. ओटीपोटात आधारासाठी वैद्यकीय जाळी बसवलेल्या बायकांना अनोळखी माणसांचे फोन यायचे, विमानाने नेऊन जाळी काढवून घेतली जायची, कारण काढलेल्या जाळीला खटल्याच्या तडजोडीत भाव जास्त. हे 2018 मध्ये छापून आलं, म्हणून जरा बभ्रा झाला.

मुंबईत शाखा काढायचा मोह मात्र आवरा. याच ‘एएसआर’ सांध्यावरून माहीम पोलिसांत 2011 साली गुन्हा नोंदवून झाला, केंद्र सरकारच्या समितीने किमान 20 लाखांची भरपाईही सुचवली. पण भारतात बसवलेल्या सुमारे 4,700 सांध्यांपैकी 3,600 कुणाच्या खुब्यात आहेत ते त्या समितीलाही सापडलं नाही. आपल्याकडे वकिलाला जाहिरात करायला बंदी, मग गिऱ्हाईक विकायचं कुणाला? फुकट शोधत बसायला आपण काय सरकार आहोत?