महोम्सला चौघांनीच गाठावे लागेल

येत्या रविवारी, 9 फेब्रुवारी 2025 रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये फिलाडेल्फिया ईगल्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्यात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, रंगणार आहे. (पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना त्यासाठी सोमवारी पहाटे 5 वाजता उठावे लागेल.) मी बरीच वर्षे फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो, त्यामुळे माझे मन कोणाच्या बाजूने आहे हे उघड आहे. आठवडाभर इथे जो भेटतो तो चेंडू घेऊन धावणाऱ्या ईगल्सच्या सॅक्वॉन बार्कलीविषयीच बोलतो, आणि ज्याने नियमित हंगामात 2,005 यार्ड धाव घेतली त्याच्याविषयी तसे बोलले जाणे योग्यही आहे. तरीही हा सामना जिंकायचा असेल तर तो ईगल्सच्या बचावफळीतील आघाडीच्या चौघांनाच जिंकावा लागेल, असे माझे ठाम मत आहे.

या मताचे मूळ दोन वर्षांपूर्वीच्या पराभवात आहे. 12 फेब्रुवारी 2023 रोजी हेच दोन संघ ॲरिझोनात समोरासमोर आले होते. त्या हंगामात ईगल्सने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकण्याआधीच तब्बल 70 वेळा पाडले होते. असे पाडण्याचा, म्हणजे सॅकचा, एका हंगामातला सर्वकालीन विक्रम 72 आहे, यावरून त्या आकड्याचे मोल कळावे. अंतिम सामन्यात मात्र चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला ते एकदाही पाडू शकले नाहीत, आणि तेही तो दुखऱ्या घोट्याने खेळत असताना. मध्यंतराला ईगल्सकडे 24-14 अशी आघाडी होती. उत्तरार्धात चेंडू हाती आला त्या प्रत्येक वेळी चीफ्सने गुण मिळवले आणि सामना 38-35 असा गेला. त्या रात्री मैदानावरचे गवत घसरडे होते हे खरे, आणि अनेक खेळाडूंना बूट बदलावे लागले हेही खरे. सुपरडोम बंदिस्त आहे, तिथले मैदान कृत्रिम गवताचे आहे. यावेळी ती सबब कोणालाच देता येणार नाही.

महोम्सवर धावून जायला पाच-सहा माणसे पाठवली, म्हणजे ब्लिट्झ केला, की मागे रिकामी झालेली जागा त्याला क्षणात दिसते. कबड्डीत सगळा संघ एकदम अंगावर आला की चपळ चढाईपटूला नेमकी फट सापडते, तसेच हे आहे. म्हणून चारच माणसांनी त्याला घेरायचे आणि उरलेल्या सातांनी आपली जागा सोडायची नाही, हाच त्याच्यावरचा खरा उपाय आहे. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फॅन्जिओ यांचा पिंडच ब्लिट्झ टाळण्याचा आहे. डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक असताना त्यांना महोम्सच्या संघाला एकदाही हरवता आले नाही, हे मी विसरलेलो नाही. परंतु जेलन कार्टर, मिल्टन विल्यम्स, जॉश स्वेट आणि नोलन स्मिथ यांच्यासारखी आघाडीची माणसे एकाच वेळी त्यांच्या हाताशी तेव्हा नव्हती.

चीफ्सची दुखरी जागाही नेमकी तिथेच आहे. महोम्सचे रक्षण करणाऱ्या फळीतील डाव्या टॅकलची, म्हणजे कडेच्या खेळाडूची, जागा हंगामभर त्यांना सावरता आली नाही, म्हणून जो थूनी या कसलेल्या गार्डला, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूला उभ्या राहणाऱ्या खेळाडूला, तिथे हलवावे लागले. त्यामुळे टॅकलवर मूळचा गार्ड आणि गार्डच्या जागी तरुण माइक कॅलिएन्डो, अशी एका दुरुस्तीपायी दोन जागांची उलथापालथ झाली आहे. कार्टरला जास्तीत जास्त वेळा कॅलिएन्डोसमोर उभे करावे. तो मधून आत घुसला, तर पुढे सरकून बाजूने निसटण्याची महोम्सची आवडती वाट बंद होईल, आणि मागे सरकावे तर कडेने स्वेट आलेला असेल. या घाईत टाकलेल्या चेंडूंवर झॅक बॉन आणि नवखा कूपर डीजीन यांनी डोळा ठेवायला हवा.

आता बार्कलीविषयी. चीफ्सचे बचाव प्रशिक्षक स्टीव्ह स्पॅग्नुओलो त्याला रोखण्यासाठी माणसे पुढे आणतील, यात मला शंका नाही. अशा वेळी हट्टाने त्यालाच भिंतीवर आदळवत राहणे चुकीचे ठरेल. त्याच्या नुसत्या धाकाचा लाभ घेऊन ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याने ए. जे. ब्राउन आणि डेव्होंटा स्मिथ यांच्याकडे चेंडू टाकावा. मागच्या वेळी हर्ट्सने 304 यार्ड फेक केली होती आणि स्वतः धावून 3 टचडाउन केले होते (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला होता), म्हणजे धैर्याचा प्रश्नच नाही. तथापि, कोणीही हात न लावता त्याच्या हातून सुटलेला एक चेंडू चीफ्सच्या निक बोल्टनने उचलून थेट टचडाउन केला होता, आणि तीन गुणांनी हरलेल्या सामन्यात ते सात गुण मला आजही बोचतात. या वेळच्या तिन्ही बाद फेरींत ईगल्सने एकदाही चेंडू गमावलेला नाही आणि प्रतिस्पर्ध्यांकडून 10 वेळा हिसकावला आहे. हीच शिस्त टिकावी, कारण स्पॅग्नुओलो तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्याच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, बचावपटू ट्रेंट मॅकडफीला कोपऱ्यातून सोडतील तेव्हा चेंडू लवकर हातावेगळा करणेच शहाणपणाचे असेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ देता कामा नये, ती म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी असताना चेंडू महोम्सच्या हाती असणे. या हंगामात चीफ्स दोनच सामने हरले, बफेलोत 30-21 आणि मुख्य खेळाडूंना विश्रांती दिलेली असताना डेन्व्हरमध्ये 38-0. अटीतटीचा एकही सामना त्यांनी सोडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी असेच बरोबरीत असताना, घड्याळात दोन मिनिटेही उरली नसताना, ईगल्सवर होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा, दंड लागला आणि 8 सेकंद शिल्लक ठेवून चीफ्सचा किकर हॅरिसन बटकर याने विजयाचे तीन गुण मिळवले. त्या दंडावरून इथे अजून वाद होतात. माझे म्हणणे इतकेच आहे की चौथ्या सत्रात ईगल्सने दोन स्कोअरची, म्हणजे आठहून अधिक गुणांची, आघाडी घेतलेली असावी, आणि तोवर जॉर्डन मायलाटा, लेन जॉन्सन यांच्या धिप्पाड फळीने चीफ्सच्या क्रिस जोन्स आणि मंडळींना दमवलेले असावे. मग बार्कलीच्या हाती चेंडू पुन्हा पुन्हा द्यावा आणि घड्याळ पळू द्यावे. योगायोगाने सामन्याच्याच दिवशी तो 28 वर्षांचा होत आहे.