गोखले म्हटलं की पहिलं कोण?

नौपाड्यात गोखले रोडच्या एका कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. परवा समोरच्या पाटीकडे बघत बंड्याने विचारलं, "गोखले म्हटलं की पहिलं नाव कोणाचं घ्यायचं?" एवढ्यावरून कटिंगच्या तीन फेऱ्या झाल्या.

मास्तरांना विचार करावा लागला नाही. "नामदार गोपाळ कृष्ण गोखले! कोतळूकसारख्या गावात १८६६ साली जन्मलेला मुलगा १९०५ साली काँग्रेसचा अध्यक्ष होतो, त्याच वर्षी भारत सेवक समाज काढतो. गांधीजी गुरू मानायचे त्यांना." पण मास्तरांचा खरा जीव सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. "१९११ साली मांडलं. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. हिशेब करा." चाळीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाचा आवाज इथे चढणारच.

अप्पा अडून बसले. "बापू गोखल्यांना विसरलात? पेशव्यांचे सेनापती, खडकीला इंग्रजांविरुद्ध फौज त्यांनी चालवली. १८१८ साली आष्टीला दुसरा बाजीराव निसटला, बापू तिथेच लढता लढता पडले." पक्याने मध्येच अंधेरीचा गोखले पूल घुसवला. २०१८ ला पादचारी भाग कोसळला, २०२२ ला अख्खा पूल बंद झाला. पण पूल नामदारांच्याच नावाचा, त्यामुळे तो मास्तरांच्या खात्यात गेला.

मी म्हटलं, "माझ्या मते कमलाबाई."

"विक्रम गोखल्यांच्या कोण?"

"आजी." नातवाच्या ओळखीने आजी सांगावी लागते, हेच मला खुपतं. 'अनुमती'साठी विक्रम गोखल्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यांचे वडील चंद्रकांत गोखले रंगभूमी गाजवून गेले. पण सुरुवात कुठून झाली? १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा एकही बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी झाली ती कमला, जेमतेम तेरा-चौदा वर्षांची पोर. विधेयक पडलं तरी नामदारांमागे उभी राहणारी माणसं होती. या पोरीच्या आधी त्या वाटेने गेलेलं कोणीच नव्हतं.

"थांब," वैशालीताई म्हणाल्या. इतका वेळ त्या गप्पच होत्या. "तेव्हा ती गोखले होती का?"

नव्हती. तेव्हा ती कमला कामत. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं ते पुढे.

"मग बाद!" अप्पा खूश.

"बाद कशी?" ताई त्यांच्याकडे वळल्या. "पुरुषाचं आडनाव जन्मापासून मरेपर्यंत एकच, म्हणून तुमची यादी सोपी. बाईने पराक्रम केला माहेरच्या नावाने, तर सासरचे म्हणणार आमची नाही. माहेरचे म्हणणार ती तर आता गोखल्यांची. तिने कुठे जायचं?"

अप्पांनी ग्लास खाली ठेवला. मीही गप्प झालो. कमलाबाईंना मी गोखल्यांच्या मानात बसवायला निघालो होतो, पण ताईंचा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"आणि पहिली म्हणतोस," ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या सिनेमात पार्वती कोण झाली होती?"

दुर्गाबाई कामत. कमलाची आई. मुलीबरोबर तीही कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. तासभर आम्ही गोखल्यांवर भांडत होतो आणि तिचं नाव माझ्याही तोंडून आलं नव्हतं.

बंड्याने चहाचे पैसे दिले. मास्तर उठता उठता म्हणाले, "उद्या कामत. पण सुरुवात दुर्गाबाईंपासून करायची."