तीनला जाग आली म्हणजे लिव्हर बिघडलं असं नसतं

व्हॉट्सॲपवर झोपेबद्दलचा एक मेसेज परत फिरायला लागलाय. रात्री 11 ते 1 पित्ताशयाची वेळ, 1 ते 3 लिव्हरची, 3 ते 5 फुफ्फुसांची, आणि ज्या वेळेला जाग येते तो अवयव बिघडलेला समजायचा. बाराच्या आधीची एक तास झोप म्हणजे नंतरची दोन तास. झोप येत नसेल तरी डोळे मिटून पडून राहा, आपोआप लागते. आणि रात्री जागणारी माणसं स्वतःच्या हाताने आयुष्य कमी करून घेतात. वर मोठ्या अक्षरात आयुर्वेद असं लिहिलंय. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या ग्रुपवर हे आल्यापासून सासूबाईंना रोज रात्री तीनला जाग आली की आधी घड्याळ बघायची सवय लागलीय, आणि मग उजव्या कुशीत दुखतंय का ते चाचपत बसतात. त्यांना आधी नुसती जाग येत होती, आता भीतीपण वाटते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिलं ते अवयवांचं घड्याळ. हे आयुर्वेदातलं नाहीच, ही जुनी चिनी वैद्यकातली मांडणी आहे, दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग आणि प्रत्येक भाग एका अवयवाचा. आयुर्वेदात कफ-पित्त-वाताच्या वेळा सांगतात, ती वेगळी गोष्ट. ब्राह्ममुहूर्तसुद्धा सूर्योदयावरून मोजतात, साधारण दीड तास आधी, म्हणजे नाशकात जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो तेव्हा ती वेळ साडेपाचच्या आसपास येते, तीन वाजता नाही.

शरीरात घड्याळ असतं हे मात्र अगदी खरं. 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यावरच मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना, फळमाशीवरच्या कामासाठी. पण ते घड्याळ भिंतीवरचे आकडे बघत नाही. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर मेंदूतलं मुख्य घड्याळ लागतं, आणि लिव्हरचं स्वतःचं छोटं घड्याळ बरंचसं जेवणाच्या वेळेवर लागतं. आता हे बघा, आपली भारतीय वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि नाशिक आहे 73.8 च्या जवळ, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे आणि कोलकाता वीस-पंचवीस मिनिटं पुढे. दोन्हीकडे मोबाईलवर एकच वाजलेला असतो पण सूर्याच्या वेळेत तासाभराचा फरक. मग 1 ते 3 ही वेळ नक्की कुणाच्या लिव्हरची? लिव्हर 24 तास काम करतं. त्याची शंका असेल तर रक्ताची एलएफटी (लिव्हर फंक्शन टेस्ट) करतात, त्यात एसजीपीटी, बिलिरुबिन असे लिव्हरची अवस्था दाखवणारे आकडे कळतात. लिव्हरचा आजार खूप पुढे गेला की रात्रीची झोप जाते आणि दिवसा गुंगी येते हे खरंय, पण तोवर कावीळ, पोटात पाणी, पायाला सूज अशी दुसरी लक्षणं बहुतेकदा दिसायला लागलेली असतात. नुसत्या जाग येण्यावरून कुणी लिव्हरचा आजार ओळखत नाही.

मग तीनला जाग का येते? झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत येते, प्रत्येक फेरीच्या शेवटी माणूस जागेपणाच्या जवळ येतो, आणि दहाला झोपलेल्या माणसाची गाढ झोप तीनपर्यंत बरीचशी होऊन गेलेली असते, पुढची झोप हलकी आणि स्वप्नांची. वय वाढलं की ती अजून हलकी होते आणि घड्याळही लवकरच्या बाजूला सरकतं. शिवाय लघवीला उठणं, पाळी जातानाच्या वाफा, घोरताना श्वास अडकणं, ही कारणं लिव्हरपेक्षा कितीतरी जास्त घरांत सापडतील. घोरताना श्वास थांबतो, गुदमरून जाग येते, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते असं असेल तर ते अंगावर काढू नका, त्याची तपासणी असते आणि उपचारही असतात.

बाराच्या आधीची झोप दुप्पट, हे पटकन संपवते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जास्त असते, पण पहिला भाग म्हणजे तुम्ही झोपल्यापासूनचा, दहाला झोपा नाहीतर साडेबाराला. उशिरा झोपून शाळेसाठी सहाला उठणाऱ्या पोराचं नुकसान होतंच, पण ते तास कमी पडले म्हणून. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा तिसरा, पडून राहा वाला, कारण तो ऐकायला इतका समजूतदार वाटतो की घरातली मोठी माणसंही हेच सांगतात. ज्याची झोप महिनोन् महिने उडालीय त्याच्यासाठी हा सल्ला उलटा आहे. रोज दोन-दोन तास अंथरुणात तळमळत पडलं की शरीर शिकतं की अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, मग हॉलमध्ये टीव्हीसमोर डोळे मिटणारा माणूस बेडरूममध्ये गेला की टक्क जागा होतो. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्येच यावर उपाय मांडला, पेंग आली तरच अंथरुणात जायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही असं वाटलं (घड्याळ न बघता) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करत बसायचं, पेंग आली की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळेलाच उठायचं. दुपारी भरपाईची झोप काढायची नाही. हे त्रासदायक आहे, पहिले आठवडे तर माणूस रडकुंडीला येतो, पण जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी, हा उपाय ज्याचा एक भाग आहे ती विचार आणि वागणूक बदलायची थेरपी द्यावी असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलंय. ज्यांना फिट येते, बायपोलरचा त्रास आहे किंवा उठताना पडायची भीती आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच करावं. चहाचं म्हणाल तर त्यातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं, तेव्हा संध्याकाळी सातचा कटिंग बंद करून बघा. जायफळ चिमूटभर ठीक, चमचाभर घातलं तर विषबाधा होऊ शकते. आणि झोपेसाठी एक पेग घेणाऱ्यांनी लक्षात घ्या, दारूने लवकर लागते पण उत्तररात्रीची झोप तुटते.

आता जागणारी माणसं आयुष्य कमी करून घेतात, हे. याचा मला खरंच राग आला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत थर्ड शिफ्ट करणारा पोरगा हौसेने जागतो का? निफाड-दिंडोरीकडे रात्रीची थ्री फेज लाईट असली की बाराला मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं, आणि थंडीत पारा खाली गेला की द्राक्षबाग वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या माणसाला हा मेसेज काय देणार? रात्रपाळीने धोका आहे हे कुणी नाकारत नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि परत 2019 मध्ये रात्रपाळीचं काम बहुधा कॅन्सरकारक असणाऱ्या गटात टाकलंय. पण तो दोष कामाच्या रचनेचा आहे, माणसाच्या वागणुकीचा नाही. शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवली तर सोपं जातं, कारण आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, हे कंपन्यांना करता येतं. घरी येताना गॉगल, खोलीला जाड पडदा, रात्री कामावर जायच्या आधी एक झोप, चहा फक्त शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, हे त्या माणसाला करता येतं. पेंग असेल तर हायवेला गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपणं, हेही. आणि आपल्याला एवढं करता येतं की ज्याच्या घरात नाईटवाला आहे तिथे सकाळी अकराला बेल वाजवायची नाही, वर्गणीला संध्याकाळी जायचं.

मेसेजच्या शेवटी अजून एक वाक्य आहे, ज्याचं मन कमजोर त्याला झोप नाही. हे वाचून कितीतरी जण डॉक्टरकडे जायचं लांबवतात. पहाटे फार लवकर जाग येणं आणि त्या वेळी सगळं संपल्यासारखं वाटणं हे डिप्रेशनचं लक्षण असू शकतं, आणि ते बरं होतं. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास होतोय आणि तीन महिने उलटलेत, तर तो जुना निद्रानाश, त्याला फॅमिली डॉक्टर नाहीतर मानसोपचारतज्ज्ञ बघतात. मन जड असेल तर तीन महिने थांबायचंही कारण नाही. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पुढे पाठवायचंच असेल तर हा नंबर पाठवा.