कात्रीने कापलेली पट्टी

मागच्या आठवड्यात एका वहिनींनी माझ्या काउंटरवर सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड ठेवलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं. म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्यावर गोळ्या मिळत्यात का?"

मिळत नाहीत. पाच लाखांचं कार्ड आणि 25 रुपयांची पट्टी त्यावर मिळत नाही, हे समजावून सांगताना माझीच जीभ अडखळली.

तालुक्याच्या गावात 22 वर्षं माझं मेडिकल आहे. ह्या वहिनींचे मालक गवंडी. बाजाराच्या दिवशी पैसे हातात आले की यायचे. "चारच द्या शेठ." बीपीच्या गोळ्या. एक्स्पायरी छापलेलं टोक आपल्याकडे ठेवायचं आणि बाकीच्या गोळ्या कापून द्यायच्या, ही आमच्या धंद्यातली रीत. त्यांच्यासाठी कात्री हातातच असायची. पावसाळ्यात काम बंद, की गोळीही बंद. बीपी दुखत नाही ना, हीच तर गोम आहे. पाय दुखला असता तर उसनवारी करून का होईना, त्यांनी गोळी घेतली असती.

दिवाळीच्या तोंडावर अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जिल्ह्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं, योजनेचे बेड भरलेत, आधी 40 हजार भरा. त्यात रेशनकार्ड मूळ गावचं, शिवाय त्यावर ह्यांचं नाव चुकलेलं. तीन दिवसांत वहिनींचं डोरलं गहाण पडलं आणि ठेकेदाराकडून उचल घेऊन झाली. पुढे दुसऱ्या दवाखान्यात आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या पोराने, धावपळ करून कागद जुळवले, तिथून पुढचं बिल योजनेत बसलं. त्या पोराचे आभारच मानायला हवेत. सगळेच तसे भेटत नाहीत.

योजनेला नावं ठेवायची म्हणून मी लिहीत नाही. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे महात्मा फुले जनआरोग्य झाली. 2023 च्या निर्णयाने मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी चालेल असं ठरलं. बायपास, डायलिसिस, कॅन्सर... ह्या योजनेमुळे वाचलेली माणसं माझ्या गल्लीत आहेत.

पण नीट बघा, ही योजना माणूस पडल्यावर हात देते. ओपीडी नाही, महिन्याच्या गोळ्या नाहीत, शुगर तपासायची पट्टी नाही. ज्यांच्याकडे कंपनीची पॉलिसी आहे त्यांचंही बहुतेक असंच, पण ते पूर्ण पट्टी घेतात आणि कार्डाने पैसे देतात. नीती आयोगाने 2021 च्या अहवालात म्हटलं होतं की देशातल्या किमान 30 टक्के लोकांना, म्हणजे 40 कोटींना, आजारपणाच्या खर्चासाठी कुठलंच विमा संरक्षण नाही. मला विचाराल तर गोळ्यांच्या बाबतीत जवळजवळ सगळाच देश बिनविम्याचा आहे. 2025 च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून शून्य झाला तेव्हा किती पोस्टी फिरल्या! ज्याच्याकडे हप्ताच नाही, त्याला त्याच्यावरच्या कराचं काय घेणंदेणं?

"मग सरकारी दवाखाना आहे की," असं कुणीतरी खाली लिहिणारच. आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे लागत नाहीत. पण ओपीडी सकाळची, म्हणजे गवंड्याचा रोज बुडाला. एवढं करून गोळी शिल्लक नसेल तर हातात चिठ्ठी, 'बाहेरून घ्या.' ती चिठ्ठी घेऊन माणूस कुठे येतो? माझ्याकडे.

गोळ्या वेळेवर मिळूच शकत नाहीत, असंही नाही. आपल्याच सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्ध्यात केंद्राच्या बीपी नियंत्रण कार्यक्रमाची सुरुवात झाली तेव्हा साधं सूत्र होतं: ठरलेल्या मोजक्या गोळ्या, एका वेळी 30 दिवसांच्या, आणि रुग्ण आला नाही तर त्याची चौकशी. तमिळनाडूने तर 2021 पासून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली. त्यांना ते जमतं, कारण औषध खरेदीचं महामंडळ त्यांनी 1994 सालीच काढलंय. आपल्याकडे 2017 मध्ये खरेदी हाफकिन ह्या सरकारी महामंडळाकडे गेली, मग 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदी कुणी करायची हे ठरवण्यात आपली इतकी वर्षं गेली, आणि तोवर गवंडी चार-चार गोळ्यांवर दिवस काढत होता.

आता माझ्या पोटावर पाय येणारं बोलतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभराची गोळी न चुकता मिळाली, आणि केंद्र आठवड्यातून दोनदा संध्याकाळी उघडं राहिलं, तर माझा गल्ला कमी होईल. बराच कमी होईल. आमच्या संघटनेतले मित्र हे वाचून फोन करतील, करू द्यात. साध्या गोळीऐवजी शंभराच्या वरची जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असलेली, काउंटरवरून गेली की मार्जिन जास्त सुटतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

ही पोस्ट लिहायच्या आधी उधारीची वही चाळली. 31 नावं निघाली. त्यातली 26 बीपी, शुगर आणि थायरॉइडची, बाकीची लहान पोरांच्या तापा-खोकल्याची.