'एक अभ्यास' म्हणजे नेमकं काय म्हणणं?

गेल्या आठवड्यात दादाशी फोनवर चांगलंच वाजलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नाशिक जिल्ह्यात एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्याचा मुलगा एम.ए.ला आहे. प्रबंधाचा विषय : 'निफाड तालुक्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या : एक अभ्यास'. मी विचारलं, "पण त्याचं म्हणणं काय आहे?" दादा भडकला. "आधी माहिती गोळा करू दे. मतं मांडायला आयुष्य पडलंय. तुमच्या अमेरिकेतली थेसिस स्टेटमेंटची, आधीच एका वाक्यात दावा मांडायची थेरं इकडे नकोत."

थेरं? माझी मुलगी इथे न्यू जर्सीत एडिसनला नववीत आहे. पेपरसाठी तिने लिहिलं, 'प्लास्टिकच्या पिशव्या पर्यावरणाला घातक आहेत'. बाईंनी समासात एवढंच लिहून परत दिलं : याला नाही कोण म्हणेल? पोरगी रडकुंडीला आली. शेवटी आमच्याच गराजमधला ढीग बघून तिला सुचलं, की आमच्या राज्यातल्या २०२२ च्या प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीतून घरपोच किराणा वगळायला हवा होता, कारण दर ऑर्डरीबरोबर नव्या जाड पिशव्या घरात येऊन साठतात. हे खोडता येतं. खोडता येतं म्हणून पुरावा लागतो, आणि पुरावा शोधणं म्हणजेच संशोधन. चौदा वर्षांच्या पोरीला जमतं ते एम.ए.च्या मुलाला का नको?

आणि हे परदेशी कसं? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. दावा, कारण, मागणी, सगळं पुण्यातच होतं.

मग मी पुतण्यालाच गाठलं. म्हटलं, डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी सगळ्यांना सारखीच बसली का रे?

"नाही काका. लाल कांद्यावाल्याला जास्त. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहतो, भाव पडला तर थांबता येतं. लाल कांदा काढला की लासलगावच्या बाजारात न्यायचाच, मिळेल त्या भावाने."

अरे, हेच तुझं वाक्य! शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, हा समोरच्याचा मुद्दा. त्यालाही उत्तर दे. मे २०२४ मध्ये बंदी उठेपर्यंतची आवक आणि भाव बाजार समितीत बघ.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, असं लिहिलं की बाजू घेतल्यासारखं होतं. मला इथेच नोकरी शोधायचीय. तोंडी परीक्षेला समोर कोण बसेल, काय माहीत."

मला काही बोलता येईना. बावीस वर्षांत माझ्या एकाही मताची किंमत मला निफाडमध्ये मोजावी लागलेली नाही. आणि खरं सांगतो, लाल कांदा टिकत नाही हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी विसरूनच गेलो होतो. सुट्टीत वडील मला चाळीत सडका कांदा निवडायला बसवायचे, हाताचा वास दोन-दोन दिवस जायचा नाही, तरी विसरलो. दादाला मी हे सांगितलेलं नाही.

'एक अभ्यास' मला आजही मान्य नाही. काल रात्री पुतण्याची एक ओळ आली : 'डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीचा फटका उन्हाळ कांद्यापेक्षा लाल कांदा पिकवणाऱ्यांना जास्त बसला?' प्रश्नचिन्ह काढून टाक, असं मी लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.