ग्रीनचा रेवन गोंयकार नव्हे!

आपल्या वाचक मंडळाच्या गटावर दोन दिवस एक निरोप फिरतोय: इंग्रज लेखक ग्रॅहम ग्रीनने ‘अ गन फॉर सेल’ ही कादंबरी गोव्यात बसून लिहिली आणि तिच्यातला मारेकरी रेवन मुळात पणजीचा. दोन्ही गोष्टी चूक.

कादंबरी १९३६ची. ग्रीन गोव्यात आला १९६३च्या अखेरीस, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षांनी. गोव्यावर त्याने लिहिलं, पण तो लेख होता. रेवन तर अस्सल इंग्रज, दुभंगलेल्या ओठाचा. मंत्र्याला मारतो आणि मोबदल्यात चोरीच्या नोटा मिळतात. (सुपारी घेणाराच फसतो, हे मला भारी आवडलं.)

त्याच निरोपात माझ्या नावावर ‘रेवन निर्दोष’ असं मतही खपवलंय. मी तसं म्हटलेलं नाही. त्याची कीव येते, एवढंच म्हटलं होतं. मंत्र्यासोबत तो एका म्हाताऱ्या सेक्रेटरीलाही मारतो, ते कसं विसरायचं? कीव आणि माफी यांत फरक आहे, आणि रविवारच्या बैठकीत आमचं भांडण त्यावरच झालं, पणजीवरून नव्हे.

ज्यांनी निरोप पुढे ढकलला, त्यांनी कृपया हाही ढकलावा.