जमिनीखालची खाण आणि वरच्या विहिरी

नागपूरजवळच्या गोंडखैरी येथे प्रस्तावित असलेल्या भूमिगत कोळसा खाणीसाठी जुलै २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा परिसरातील गावकऱ्यांनी पाणी आणि शेतीच्या काळजीने तिला कडाडून विरोध केला. त्यानंतर विदर्भातील आप्तेष्टांशी बोलताना एक युक्तिवाद मी वारंवार ऐकत आलो आहे: ही काही उघडी खाण नव्हे, वरची जमीन जागेवरच राहणार, मग नुकसान होईल ते कशाचे? ऑस्ट्रेलियातील वुलोंगाँगसारख्या, भूमिगत कोळशावर वाढलेल्या शहरात राहत असल्यामुळे मला हा युक्तिवाद पटत नाही.

आमच्या शहरामागच्या पठारावर सिडनी आणि इलावारा भागाला पिण्याचे पाणी पुरवणारी धरणे आहेत. त्यांचे पाणलोट क्षेत्र इतके जपले जाते की विनापरवाना आत शिरणाऱ्याला ४४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असे फलक तेथे लावलेले आहेत. मात्र त्याच क्षेत्राखाली अनेक वर्षे लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढला जात आहे. या पद्धतीत कोळशाचा लांबरुंद पट्टा एकसलग कापतात आणि मागचे छत कोसळू देतात. वरचे थर खचतात, त्यांना भेगा पडतात आणि पठारावरच्या, पावसाचे पाणी धरून ठेवून ते हळूहळू ओढ्यांना सोडणाऱ्या दलदली कोरड्या पडू लागतात. पृष्ठभागावर एक कुदळही न मारता हे घडते.

येथील डेंड्रोबियम खाणीच्या विस्ताराचा प्रस्ताव न्यू साउथ वेल्सच्या स्वतंत्र नियोजन आयोगाने फेब्रुवारी २०२१ मध्ये फेटाळला. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतावर दीर्घकालीन आणि भरून न येणारे परिणाम संभवतात आणि त्या धोक्याचे नीट मोजमाप झालेले नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. पोर्ट केम्ब्ला येथील पोलाद कारखाना याच कोळशावर अवलंबून असल्याने कामगार आणि उद्योग नाराज झाले, आणि त्यांची चिंता खोटी नव्हती. त्याच वर्षअखेरीस राज्य सरकारने प्रकल्पाला विशेष महत्त्वाचा दर्जा देऊन मंजुरीची दुसरी वाट मोकळी करून दिली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच विस्तार सोडून दिला. परदेशातील व्यवस्था निर्दोष असते, असे म्हणण्यासाठी मी हे लिहीत नाही. येथेही नोंदी काटेकोर ठेवूनसुद्धा दलदली वाळल्याच, कारण नोंद ठेवणे आणि काम थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरीही येथील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. खाणीला मुख्य परवानगी मिळाली तरी प्रत्यक्ष पट्टे काढण्यापूर्वी उत्खननाचा स्वतंत्र आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो; त्यात जमीन किती खचेल, पाण्याचे काय होईल आणि अंदाज चुकल्यास काय करायचे हे मांडावे लागते, आणि तो आराखडा सर्वांना वाचायला मिळतो.

आपल्याकडे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, भूमिगत खाणींत बहुतेक ठिकाणी बोर्ड अँड पिलर पद्धत असते. आधी कोळशाचे खांब ठेवून बोगदे काढतात आणि नंतर, कधी कधी कित्येक वर्षांनी, ते खांबही काढून घेतात. वरची जमीन खचण्याचा खरा धोका या दुसऱ्या टप्प्यात असतो. त्याची परवानगी खाण सुरक्षा महासंचालनालय देते, तेथे विचार प्रामुख्याने कामगारांच्या आणि वरच्या बांधकामांच्या सुरक्षिततेचा होतो, आणि त्या वेळी दुसरी जनसुनावणी होत नाही. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार गावकऱ्यांचे म्हणणे ऐकले जाते ते आरंभी, बहुधा एकाच दिवशी, आणि तेही ३० दिवसांच्या सूचनेनंतर. पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. पण विहिरींची पातळी आणि जमीन खचण्याचे अंदाज ज्या प्रकरणांत असतात, तो मूळ अहवाल इंग्रजीत असतो. ज्याच्या विहिरीचा प्रश्न आहे त्यालाच तो वाचता येऊ नये, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर अख्खे जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. माणसे वाचली, पण आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाण बंद झाल्यावरही जबाबदारी कोणाची आणि किती काळ, हा प्रश्न परवानगी देतानाच विचारायला हवा होता.

म्हणून खाण हवी की नको एवढ्यावरच वाद थांबवू नये, असे माझे आप्तांना सांगणे असते. विजेची गरज आहे हे मलाही मान्य आहे. पण गोंडखैरी असो वा वणी, खांब काढण्यापूर्वी स्वतंत्र आराखडा ग्रामसभेपुढे मराठीत यावा. परिसरातील निवडक विहिरींची पातळी काम सुरू होण्याआधीपासून मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी. आणि ठरलेल्या मर्यादेखाली पातळी गेली तर त्या भागातले उत्खनन आपोआप थांबेल, अशी अट मंजुरीपत्रातच असावी. मंजुरीच्या अटी पाळल्या जातात की नाही याचा सहामाही अनुपालन अहवाल खाण कंपनीला दर जून आणि डिसेंबरमध्ये द्यावाच लागतो, त्यामुळे मोजणीची यंत्रणा नव्याने उभारण्याची सबब येथे चालणार नाही.